आईच्या टेबलावरची चांदमारी

प्रिय ताई,

रविवारी आपण बघायचो त्या युद्धाच्या जुन्या विनोदी मालिकेतलं कोणतं पात्र म्हणजे मी, हे मला सांगता येत नाहीये. हसू नकोस. परवा नव्या साहेबांनी चहाचा कप पुढे सरकवत हेच विचारलं आणि आपल्या घरातल्या पहिल्या पदवीधर बाई कोड्यात पडल्या. मी आपली भाबडेपणाने मनातल्या मनात एकेक जण चाचपून पाहत होते. कामचुकार आचारी? छे. शिट्टी फुंकत फिरणारा सुभेदार? तो तर तू. सगळं दिसत असूनही नकाशात डोकं घालून बसणारा कप्तान? तिथे मात्र मी जरा अडखळले. तेवढ्यात साहेबच म्हणाले, "मला बुवा तो म्हातारा शिपाई आवडतो. चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या परीक्षेच्या दिवशी शेजारचे दोघं त्याच्या नकळत त्याच्याच निशाणावर गोळ्या झाडतात, आणि तो मिशीला पीळ देत सगळ्यांना नेम धरायला शिकवतो!" एवढं बोलून ते हसले, आणि हसता हसता माझ्याकडे बघत राहिले.

ताई, मी कप तसाच खाली ठेवला.

आपल्या धुलाईघरात इस्त्रीच्या टेबलांवर काय चालतं ते तुला मी काय सांगू, सुरुवात तूच केलीस. आईच्या बोटांना कंप सुटला, तिचे इस्त्री केलेल्या कोटांचे गठ्ठे कमी पडायला लागले, तेव्हा मालिकेतला तो भाग बघून दुसऱ्याच दिवशी तू तुझ्या गठ्ठ्यांना तिची निळी नाडी बांधून ढकलगाडीत टाकलेस. प्रत्येकीची नाडी वेगळ्या रंगाची; संध्याकाळी रंग बघून मोजणी, आणि ज्या रंगाचे गठ्ठे कमी तिला कामावरून नारळ. तू दुसऱ्या शाखेत बदलीवर गेलीस, पण बायकांनी खंड पडू दिला नाही. कुणी हळूच "आज चांदमारी गं" म्हटलं की चार जणींच्या खिशांतून निळ्या नाड्या निघतात. आणि आई? ती गाडीतले निळे गठ्ठे बघून नव्या मुलींना ऐकवते, "हात बसला पाहिजे बायांनो, नुसती तरणी हाडं असून काय उपयोग!" त्या मुकाट्याने मान डोलावतात. संध्याकाळची मोजणी वरच्या कचेरीत माझ्याकडे असते. मी निळे मोजते आणि सही करते. कॉलेजात सचोटीवर भाषण करून टाळ्या घेतलेली मी!

तेव्हा साहेबांना हे कुणी सांगितलं? त्या दिवसापासून मला सगळेच चोर दिसायला लागले. उंच काकू साहेबांना नमस्कार करताना जरा जास्तच वाकतात, असं वाटलं. गाडी ढकलणारे काका मला बघून शीळ घालता घालता थांबले, तर त्यांच्यावर डोळा ठेवला. नंतर कळलं, बिचाऱ्यांची दाढ दुखत होती. धोबीणमावशी तर तोंडावर म्हणाली, "काय गं, अशी काय बघतेस? तुझं काही घेऊन पळाले का मी?" मी ओशाळले, पण संशय काही गेला नाही. आपल्या बायकांनी आईला इतका जीव लावलाय आणि मी त्यांनाच पारखत बसले होते.

मग तुझा फोन आला. आईचे हात कसे आहेत हे तू नेहमी विचारतेस. मागची खोली रिकामी केली, खिडकीला पडदा लावला, आता तिने आराम करावा, हेही तू नेहमीचंच बोललीस. शेवटी फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "साहेब काही म्हणाले का?" ताई, नवे साहेब आल्याचं तोवर मी तुला सांगितलंच नव्हतं. ते तुमच्याच शाखेतून आलेत हे मला आमच्या शिपायाकडून नंतर कळलं. मी "नाही" म्हटलं. तुझ्याशी खोटं बोलायची माझी ती पहिलीच वेळ. तू सुटकेचा निःश्वास सोडलास की निराशेचा, हे मी अजून आठवून आठवून बघतेय.

शनिवारी हुकूम आला की सोमवारपासून प्रत्येक टेबलाला वेगळी गाडी. म्हणजे दुसरीचा गठ्ठा आईच्या नावावर जायची सोय संपली, आणि आईची फजिती भर खोलीत, तिच्याच चेल्यांसमोर. तसं मी होऊ देणार नव्हते. रविवारी मालिका संपल्यावर मी टीव्ही बंद केला आणि तिला सगळं सांगितलं. निळ्या नाड्या, चार जणींचे खिसे, माझी सही, सगळं. ही युक्ती पहिल्यांदा तुझी, हेही. ती रडली नाही, चिडलीही नाही. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. मग म्हणाली, "उद्यापासून मी जात नाही. थोरलीकडे जाते." मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! पण ते क्षणभरच. लगेच तिने मान वर केली. "इतकी वर्षं या बायांनी पोटात ठेवलं, ते साहेबाच्या कानावर घातलं कुणी? जिने घातलं तिच्या घरचं पाणीसुद्धा मी पिणार नाही."

उद्या सकाळच्या गाडीने ती तुझ्याकडे निघतेय. ट्रंक भरून झाली आहे, माझ्याशी न बोलता. तिला त्या मागच्या खोलीची गरज आहे. आता दुसरी जागा नाही आणि इथे एकटीने दिवसभर बसून ती खचेल. हे पत्र तिच्या आधी तुला मिळावं म्हणून आज रात्री तुमच्या शाखेकडे निघणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरदादांच्या हाती देतेय. तू सांगितलंस की नाही, हे मी विचारत नाही, आणि तूही कळवू नकोस. सांगितलं असशील तर तिच्या काळजीनेच, एवढं मला कळतं. फक्त आई माझ्याबद्दल बोलायला लागली की माझी बाजू घेऊ नकोस; ऐकून घे आणि तिला जेवायला वाढ. कारण तिने विचारलं तेव्हा मी तिच्या डोळ्यांत बघून सांगून टाकलं आहे, "मी. साहेबांना मीच सांगितलं."

तुझीच,
शेपूट