वरचा वर्ग सोडला

पश्चिम जर्मनी, ७ नोव्हेंबर १९७४

गोजरअक्कास तुझ्या भीमाचा वाकून नमस्कार.

मी बरा हाय, पोटभर जेवतो. पण स्वतःचाच लई वीट आलाय.

विद्यापीठात जर्मनचा कुठला वर्ग पाहिजे विचारलं, तर मी ऐटीत सगळ्यात वरचा सांगितला. पुण्याच्या परीक्षेत पहिला आलो होतो की! पण ते गाईड पाठ करून. हितं सरांनी सकाळी काय खाल्लं विचारलं, तर मी रेल्वे स्टेशनावरचा निबंध घडाघडा म्हणून दाखवला. कुणी हसलंसुद्धा न्हाय. शी!

तरी महिनाभर मिजाशीत तितंच बसलो. परवा पोटात कळ आली, तर डॉक्टरला कुटं दुखतंय ते सांगता येईना. तसाच गोळ्यांबिगर परत आलो.

आज सगळ्यात खालच्या वर्गात नाव घातलं. मी वरच्या वर्गात बसलो म्हणून आबांनी मंद्रूपच्या बाजारात पेढे वाटलेत, त्यांना एवढ्यात हे सांगू नकोस. त्यांचा गुडघा कसा हाय?

पहिल्याच धड्यात 'मला इथे दुखतंय' शिकलो. तसाच दवाखान्यात गेलो आणि पोटावर हात ठेवून म्हटलं. गोळ्या मिळाल्या.

तुझा,
भीमा