वीस आकड्याचा माठ

शिरूर

प्रिय करिश्मा,

तुझा व्हिडिओ मी सहा वेळा पाहिला. पहिल्यांदा तुझ्या आईने, तेजश्रीने, मोबाईल हातात दिला तेव्हा मोठ्या कौतुकाने बघायला बसलो, आणि चौथ्या मिनिटाला मोबाईल पालथा ठेवला. तेव्हापासून फोन वाजला की आधी तुझं नाव तर नाही ना, ते बघतो. बाजारात कुणी नुसतं वळून बघितलं तरी वाटतं, ह्याला कळलं.

जुन्या विनोदी मालिकांमध्ये लपलेला इतिहास आणि साहित्य शोधायचं तुझं हे काम मला मनापासून आवडतं. 'हजेरीपट'मधल्या हेडक्लार्कचा रजेचा अर्ज बखरीच्या भाषेत आहे, हे तू अचूक ओळखलंस. पण मग तू धोंडू शिपायाकडे आलीस. कचेरीतल्या माठाला हात न लावता तो उकिडवा बसतो, ओंजळ तोंडाशी धरतो, वरून पाणी पडायची वाट बघतो, आणि हेडक्लार्क तांब्या हातात धरून फोनवर बोलतच राहतो. माठावर वीस आकडा. तू म्हणालीस, वीस मार्च, चवदार तळं. कुणा अनाम लेखकाने विनोदात लपवलेला हा निषेध आहे, आणि त्या लेखकाला मी शोधून काढणार.

बाळा, तो आकडा सेटवरच्या सामानाच्या यादीतला होता. एकोणीस नंबरचं टेबल होतं.

शहाऐंशी साली मी मुंबईत त्या मालिकेच्या संहिता टाइप करायचो. एका भागात हशा कमी पडत होता आणि लेखकसाहेब वैतागले होते. मी भीत भीत म्हणालो, माझ्याकडे एक आहे. तिथेच उकिडवं बसून करूनही दाखवलं. ते पोट धरून हसले. शेवटच्या पाटीवर बारीक अक्षरात 'साहाय्य : सी. बी.' असं आलं. चांगदेव भिमाजी. म्हणजे मी.

आणि मी जे करून दाखवलं ते माझे वडील होते, आमचे आप्पा. कोरेगाव भीमाला दुसऱ्याच्या रानात राबताना ते असंच पाणी प्यायचे. लहानपणी त्यांच्या शेजारी मीही ओंजळ धरून बसलेलो आहे.

तो भाग लागला तेव्हा मी गावी होतो. ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढे ही गर्दी. पोराचा कार्यक्रम म्हणून आप्पा धुतलेलं धोतर नेसून सगळ्यांत पुढे बसले होते. धोंडू उकिडवा बसला आणि लोक हसून बेजार झाले. आप्पाही आधी हसले, मग एकदम थांबले. घरी जाताना म्हणाले, "चांगदेवा, त्यो माणूस तहानलेला हाय, ह्ये कुनालाच कसं दिसलं न्हाई?" थोडं चालून विचारलं, "तू लिवलंस व्हय ह्ये?"

मी म्हणालो, "न्हाई. सायबांनी."

त्यांनी मान हलवली. तेवढंच. सहा महिन्यांत मी मुंबई सोडली, पुढे कुरकुंभच्या कंपनीत स्टोअर सांभाळलं, आणि पुन्हा एक ओळ लिहिली नाही. आप्पा शेवटचे आजारी होते तेव्हा आठ दिवस उशाशी बसून होतो. तेव्हाही जीभ रेटली नाही.

येत्या रविवारी तू कॅमेरा घेऊन दौंडला माझ्या थोरल्या बहिणीकडे, चांगुणाआजीकडे, जाणार आहेस. तो भाग बघून घरी जाताना ती आप्पांच्या आणि माझ्या मागेच चालत होती, तिने सगळं ऐकलंय. परवा फोन करून मी तिला गप्प राहायची गळ घातली. ती म्हणाली, "पोरीनं इचारलं तर मी सांगणार. आप्पांना तवाच कळलं व्हतं, चांगदेवा. तू सांगशील म्हून त्ये वाट बघत राह्यले." त्या वाक्यानंतर मला धड जेवण गेलेलं नाही. म्हणून हे पत्र. तिच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं. व्हिडिओ काढून टाकू नकोस, फक्त 'निषेध' हा शब्द त्यातून काढ. साहेबांना करून दाखवलं तेव्हा मला फक्त हशा हवा होता. रविवारी मीही दौंडला येतोय. भीती अजून तितकीच आहे. तरी पहिला प्रश्न मला विचार, आणि मी टाळाटाळ करायला लागलो तर कॅमेरा बंद करू नकोस.

तुझाच,
आबा