देवगाव फाट्यावर बसलेल्या गाडीविषयी निवेदन

परभणी, शुक्रवार

चिरंजीव केयूरराव यांस विष्णुपंतांचे अनेक आशीर्वाद.

तुमची प्रकृती उत्तम असेलच. हे पत्र वाचून संपेपर्यंत ती तशीच राहो, अशी प्रार्थना करून पुढे लिहितो. आम्हा दोघांचे क्षेम आहे. लग्नाला जाण्यासाठी मागून आणलेल्या तुमच्या गाडीचेही क्षेम आहे, असे विधान करण्यापूर्वी मात्र 'क्षेम' या शब्दाची व्याख्या करावी लागेल. (फोन न करता पत्र लिहिण्याचे कारण असे, की फोनवर तुम्ही मध्येच "काय?" म्हणून ओरडता, आणि ओरडणे म्हणजे खंडन नव्हे.)

काल दुपारी बारा वाजून छत्तीस मिनिटांनी परभणीत ईश्वरीच्या लग्नाचा मुहूर्त होता. मी तिचा एकुलता एक मामा. मंगलाष्टके चालू असताना वधूच्या पाठीशी मामाने उभे राहावयाचे असते आणि तेथे बदली माणूस चालत नाही, हे माझ्या बहिणीने मला आदल्या दिवशी अकरा वेळा कळविले होते. म्हणून जालन्याचा मुक्काम पहाटेच हलवून नऊच्या सुमारास आम्ही देवगाव फाट्यावर धुरपताबाईंच्या हॉटेलात चहाला थांबलो. कप ओठांशी नेतो तोच गाडीने एक दीर्घ निःश्वास सोडला आणि आपला मागचा भाग सावकाश खाली टेकविला. टोपी भुवयांपर्यंत ओढावी तशी चाके आत गेली. समोरच्या पडद्यावर 'गाडी थांबवा' अशी लाल अक्षरे होती. गाडी थांबलेलीच असल्यामुळे ही आज्ञा निरर्थक होती.

"अवो, म्हशीवानी बसली की ही!" धुरपताबाई म्हणाल्या. दृष्टान्त सदोष असल्यामुळे मला बोलणे भाग पडले. म्हैस आधी पुढचे गुडघे टेकते. गाडी मागून बसली होती. सबब साधर्म्य सिद्ध होत नाही. बाईंनी क्षणभर विचार केला आणि "मंग कुत्र्यावानी म्हना," अशी दुरुस्ती सुचविली, ती मी स्वीकारली. या निर्णयास सात मिनिटे लागली असे तुमच्या सासूबाईंचे म्हणणे आहे. (तेवढ्या वेळात त्या स्वतः रस्ता ओलांडून मिस्त्री घेऊन आल्या होत्या, हे मी न्यायबुद्धीने नमूद करतो.)

चंद्रभान मिस्त्री हा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा गृहस्थ. तो गाडीखाली जमेल तितका शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, "काका, हिला पाटेच न्हाईत! ही तर निस्त्या हवेवर चालायलीय." पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या, जागी हिला हवा भरलेले रबरी फुगे असतात, असे मी त्यास समजाविले. "आन् हवा गेल्यावर?" त्याने विचारले. यावर मी म्हणालो, की वायूला गुरुत्व नसते असे वैशेषिकांचे मत आहे. मग ज्याला वजनच नाही ते निघून गेल्याने गाडी खाली यावी, हे अनुमानाला धरून नाही. "ते तुमी गाडीला सांगा," चंद्रभान म्हणाला, आणि तुमच्या सासूबाई पदर तोंडाला लावून दुसरीकडे पाहू लागल्या.

फुग्यांच्या जागी काहीतरी भक्कम ठासले तर परभणीपर्यंत निभेल, असे त्याचे मत पडले. लाकूड फार कडक, टायरचे तुकडे फार मऊ. शेवटी त्याने डिकी उघडली. आमच्या सामानात योगायोगाने काही पुस्तके होती: माझाच तर्कशास्त्रावरचा 'सुलभ अनुमानविचार', पृष्ठे चारशे ऐंशी, कापडी बांधणी. चंद्रभानने एक प्रत काढली, अंगठ्याने दाबली, वाकवून पाहिली, बोनेटवर आपटली. "लय बेस माल हाय, काका. कडक बी हाय आन् दबतंय बी." केयूरराव, सव्वीस वर्षांत एकाही परीक्षकाने या ग्रंथाविषयी इतके नेमके लिहिले नव्हते. जॅकने गाडी उचलून त्याने दोन्ही बाजूंना आठ-आठ प्रती ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बसविल्या, जॅक काढला आणि गाडी उभी राहिली.

सव्वादहाला निघालो, ताशी तीसच्या वेगाने. प्रत्येक गतिरोधकावर बुडाखालून हेत्वाभासांचे प्रकरण कुरकुरत असे. पण बारा एकतीसला मी मांडवात होतो आणि छत्तीसला ईश्वरीच्या पाठीशी उभा होतो. (फोटोत माझ्या सदऱ्यावर जो काळा हात उमटलेला दिसेल, तो चंद्रभानने निरोप देताना प्रेमाने ठेवलेला.) यावरून निष्कर्ष असा, की दोष गाडीच्या घडणीतच होता आणि चालक सर्वथा निर्दोष आहे.

तुमचे हितचिंतक सासरे,
विष्णुपंत

ता. क. वरील 'योगायोगाने' हा शब्द मागे घेतो. लग्नातील प्रत्येक पाहुण्यास एक प्रत द्यावी अशी माझी योजना होती, आणि त्यासाठी अकरा खोकी डिकीत व मागच्या आसनावर रचली होती. 'मागे फार वजन नको' ही तुमची सूचना स्मरणात होती. परंतु 'फार' म्हणजे किती, हे तुम्ही सांगितले नव्हते.

ता. क. २. 'गाडी थांबवा' ही लाल अक्षरे आदल्या दिवशी संध्याकाळपासूनच दिसत होती, असे तुमच्या सासूबाई येथे लिहावयास लावत आहेत. दिसत होती. परंतु त्यांत निष्कर्ष होता, हेतू, म्हणजे कारण, दिलेला नव्हता. असे वाक्य मी विद्यार्थ्याचेही मान्य केलेले नाही.

ता. क. ३. मुख्य मुद्दा राहिला. तुमच्या दिवाणाखाली मी ठेवावयास दिलेल्या ज्या न खपलेल्या प्रती आहेत, त्या कृपया देवगाव फाट्यावर चंद्रभान मिस्त्रीच्या नावे पाठवाव्यात. त्याचा आज फोन आला होता. त्याला चाळीस हव्या आहेत. पुस्तकाचा विषय त्याने विचारला नाही. दुसरी आवृत्ती निघाल्यास कागद थोडा जाड असावा, एवढीच त्याची सूचना आहे.