पुष्पाची गाठ आणि माझे ब्रह्मज्ञान

६ जानेवारी, सोमवार. पहाटे ५
आजपासून साक्षीभाव. मी देह नाही, मन नाही, वणीजवळच्या कोळसा खाणीतला वजनकाट्याचा ऑपरेटर तर मुळीच नाही. मी शुद्ध आत्मा. ऑनलाइन वेदान्त कोर्सची बारा लेक्चर झाली. तेराव्यापर्यंत मुक्ती अपेक्षित.
चहात साखर नव्हती. पुष्पावर ओरडलो. ओरडला तो देह.

७ जानेवारी
काट्यावर राजदीप ट्रकवाला भांडला, वजन चुकलं म्हणे. त्याला समजावले: ट्रक, कोळसा, वजन, सगळी माया. तो म्हणाला, मंग स्लिपवर दोन टन वाढवून दे ना भाऊ. अज्ञानी.

८ जानेवारी, संध्याकाळ
पुष्पाने सांगितले, डाव्या छातीत गाठ लागते. डॉक्टरीणबाईंनी नागपूरला जायला सांगितले आहे. आठ दिवस सांगू सांगू करून राह्यली होती म्हणे. मी शांतपणे म्हणालो, गाठ देहाला आहे, तुला नाही. ती म्हणाली, मंग भेव कोनाले लागून राह्यलं?
प्रश्न चांगला. कोर्सच्या ग्रुपवर टाकला. अकरा जणांनी हात जोडले.

९ जानेवारी
ध्यान, चाळीस मिनिटे. पैकी अडतीस मिनिटे मोबाइलवर गाठींची माहिती वाचली. उरलेली दोन शांत.

१० जानेवारी
तेरावे लेक्चर. अंधारात दोरी साप वाटते, दिवा लावला की साप नाहीच. गाठीचेही तसेच असणार! धावत जाऊन पुष्पाला म्हटले, पुन्हा नीट चाचपून पाहा. तिने माझा हात धरून तिथे ठेवला.
होती. टणक. बोराएवढी.
जेवलो नाही. (एकादशी होतीच.)

११ जानेवारी
वैष्णवीचा फोन. मुलगी, नागपूरला नर्सिंग शिकते. बाबा, सोमवारी बायोप्सी आहे, आईले घेऊन या. म्हटले, ड्यूटी आहे. खरे तर माझी सुट्टी सोमवारीच असते. पण साक्षीने गुंतू नये. पुष्पा म्हणाली, राहू द्या, नलू येते माह्यासंगं. नलू म्हणजे तिची बहीण.
माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही तिने. बरे झाले. वैराग्याला पोषक.

१३ जानेवारी, सोमवार. सकाळी ७
सहाच्या बसने दोघी गेल्या. मन निश्चल. दात दोनदा घासले, ती शुद्धी.

सकाळी ९
उपमा करायला गेलो. तिखटाचा डबा सापडेना. चौदा डबे उघडले. शेवटी तिथेच फरशीवर बसलो. रडलो असे म्हणता येणार नाही. डोळ्यांत तिखट गेले होते.
(डबा सापडला नव्हता.)

९.४०, बसस्टँड
ब्रह्म सर्वत्र आहे. मग नागपूरला जायला हरकत काय? गाडी लागेना. कंडक्टरला चारदा विचारले. तो म्हणाला, काका, बसा ना एका जागी. बसता येत नाही.

दुपारी ४, दवाखाना, नागपूर
मी वॉर्डात शिरलो तेव्हा पुष्पाले आतून आणून राह्यले होते. पट्टीवर रक्त दिसलं. पुढचं आठवत नाही.
डोळे उघडले तं तिच्याच खाटेवर मी झोपलो होतो अन् ती बाजूला स्टुलावर, एका हातानं पट्टी सांभाळून दुसऱ्यानं माझ्या तोंडावर पाणी मारून राह्यली होती. नलू म्हणाली, भाऊजी, पेशंट नेमकं कोन आहे? नर्सनं दोघांचंबी बीपी घेतलं. माझं जास्त निघालं. वैष्णवी दाराशी उभी राहून हसली, मंग तोंड फिरवून डोळे पुसले.
मी पुष्पाले विचारलं, दुखलं काय?
ती म्हणाली, मले लय दुखलं.
मी काही समजावलं नाही.
रिपोर्ट शनिवारी. पाच दिवस. म्हटलं, तोवर काय करू मी? ती म्हणाली, काई नका करू. सरका थोडे, मले लेटू द्या.