तीन विटा आणि एक बादली

माय, तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तेव्हाही मी कधी पत्र धाडलं नाही. आता तुला जाऊनच तीस वर्षं होत आली, आणि म्हातारपणी मला हे सुचतंय. गेल्या महिन्यात न्हाणीत घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई बसवली, तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी केली. नातू म्हणाला, "बघ आजी, एवढंसं तर होतं." मी रडायला लागले. त्याला वाटलं, दुखतंय.

तुझीही मांडीच मोडली होती. दुष्काळाचं साल, राजूरच्या रस्त्याचं काम, आणि मुरमाची दरड तुझ्या अंगावर आली. बाजेवर घालून तुला जालन्याच्या दवाखान्यात आणलं. बापानं काम सोडलं तर खायचं काय, म्हणून तुझ्याजवळ मी राहिले, तेरा वर्षांची. गुडघ्याखालून हाडात आरपार सळई, तिला दोरी, पलंगाच्या टोकाला कप्पी, आणि खाली फडक्यात बांधलेल्या तीन विटा लोंबतात. डॉक्टर मला बजावून सांगतात, "दीड-दोन महिने या विटा अधांतरीच राहिल्या पाहिजेत. पाय ताणलेला राहिला, तरच हाड नीट जुळेल." ते गेल्यावर तू म्हणतेस, "मला काय बैल समजून राह्यले का? दावंच लावलं की." बाजूच्या खाटेवरची बाई हसते. तूही हसतेस, आणि हसताना कळ येऊन तुझे डोळे भरतात.

चौथ्या की पाचव्या दुपारी मात्र तुझा धीर सुटला. "पोरी, जरा उचल की गं त्या विटा. घटकाभर. जीव जाऊन राह्यला माझा." मी बादली उपडी घातली आणि विटा तिच्यावर टेकवल्या. दोरी सैल पडली. तुझ्या कपाळाच्या आठ्या गेल्या आणि तू लगेच झोपलीस, तोंड उघडं टाकून, घरी झोपायचीस तशी. तू उठायच्या आत मी बादली काढून घेतली. दुपारचा सगळा वॉर्ड झोपलेला, आपल्या दोघींशिवाय कुणालाच कळलं नाही.

पुढं हाडाचा फोटो काढला. डॉक्टर तो उजेडाकडं धरून म्हणाले, "हाड दोन बोटं आखूड जुळलंय. मधे कुणी वजन काढलं होतं का?" तू माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "न्हाई सायेब. बिलकुल न्हाई."

तू चालायचीस तेव्हा मला मागून पळावं लागायचं, माय. डोक्यावर भारा घेऊनही तू गड्यांच्या पुढं असायचीस. त्यानंतर तू मला म्हणायला लागलीस, "थांब गं जरा." उकिडवं बसणं गेलं. चुलीपुढं तो पाय लांब करून तू भाकरी थापायचीस. मला त्या पायाकडं बघवत नसे, म्हणून मी पाण्याच्या निमित्तानं बाहेर जायची. शेवटच्या दुखण्यातही तू माझा हात धरून म्हणालीस, "माझंच चुकलं. त्या दुपारी मीच इटा उचलायला लावल्या. तुझा काय दोष? लेकराला सांगितलं तर लेकरू ऐकणारच." मी नुसती मान हलवली.

एकच दुपार नव्हती, माय. त्यानंतर तू कधीच मागितलं नाहीस. दात आवळून पडून राहायचीस, डोळा लागला तरी कळ आली की दचकून उठायचीस. मी शिकले होते, डोळा लागला की हळूच विटा टेकवायच्या, मग तू दोन तास हलत नाहीस. तेवढ्यात मी जुन्या जालन्यात जाऊन यायची. तिथं कापडाच्या गल्लीत एका दुकानापुढं रंगीत रिबिनी टांगलेल्या असत. परत येऊन बादली काढून ठेवायची. किती दुपारी, ते मला सांगता येणार नाही. जवळजवळ रोजच.

मघाशी नातवानं विचारलं, कुणाला लिहितेस. मी म्हणाले, कुणाला न्हाई, आणि कागद उशीखाली सारला. तुझी कळ बघवेना म्हणून मी विटा टेकवायची, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. तसं नव्हतं. मला रिबिनी बघायच्या होत्या.