घागर न उचलायचा नवस

आत्याबाई,

शिरूर अनंतपाळला माहेरी बसून लिहून राहिले. घागर न उचलायचा माझा नवस खोटा हाय. पोटुशी असताना पाचव्या महिन्यात माझं अंग बाहेर आलं व्हतं, गर्भाची पिशवी खाली सरकली व्हती. डॉक्टरीनबाईनं आत रिंग बसवली, ओझं उचलू नको म्हनल्या. तुमाला, सासूला, हे कसं सांगावं, म्हनून महादेवाचं नाव पुढं केलं. तुमी लगेच हात जोडले अन् माझ्या वाट्याच्या घागरी बी तुमीच वाहिल्या!

आता बाळंतपनानंतर रिंग न्हाई. डॉक्टरीनबाईनं शिकवलेला व्यायाम करते: लघवी रोखल्यावानी आवळून धरते, दहा मोजते, सोडते. बाळाला पाजता पाजता करते, कुनाला कळत बी न्हाई. लई फरक हाय.

पर काल फोनवर तुमी हळूच इचारलं, "शिवे, तसला नवस सासूनं धरला तर चालतो का गं?" मी आधी हासले, मंग ध्यानात आलं. किती वर्षं सोसून राहिल्या, आत्याबाई?

हे पत्र धाडलं तर तुमाला तुमचा लेकच वाचून दाखवील, म्हनून धाडत न्हाई. सोमवारी तुमी बाळ बघाया येनारच हाव. इथल्या डॉक्टरीनबाईकडं दोघींचा नंबर लावलाय. घरात सांगितलंय, सुनेला दाखवायचंय, सासू नुसती सोबतीला. आत मात्र आधी तुमी जायचं.

तुमची लबाड सून,
शिवकन्या