नळीच्या तोंडातला बोळा

२८ जुलै १९९२
परत बंद पडली मेली यांची गाडी! शीळफाट्याच्या अलीकडे. पंधरवडाभर हेच चाललंय. हे डोंबिवलीला पोचले तोवर कंपनीचं गेट बंद. सुपरवायझर म्हणाला, "अजून एकदा लेट आलास तर येऊच नको." ऑगस्टात कायम व्हायचे आहेत — आणि ऐन वेळेला हे झेंगट!

घरी येऊन यांनी गाडीला लाथ घातली. मामंजी ओट्यावर जाळं विणत होते. मान वर केली नाही. यांनी होडीतला आपला वाटा विकून ही सेकंडहँड मोटरसायकल घेतली, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. जे काय ते माझ्यामार्फत. "तुझे नवऱ्याला सांग, जेवून घे म्हनावं." नवरा समोरच बसलेला! वैताग आहे नुसता.

२९ जुलै
येताना पुन्हा बंद. घरी पोचल्या पोचल्या नाक्यावरचा मेकॅनिक बोलावला. प्लग बघितला, कार्बोरेटर बघितला. "भाभी, गाडी में कुछ नहीं है." टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स! रस्त्यातही असंच होतं म्हणे. पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडायचं, की जरा वेळाने गाडी सुरू. हे रात्री जेवले नाहीत.

३० जुलै
सापडलं.
अमावास्येचं उधाण. खाडीचं पाणी अंगणात आलेलं. ओसरल्यावर मी खराट्याने चिखल काढत होते. गाडीखाली वाकले. टाकीपासून एक बारीक रबरी नळी निघते, इंजिनामागून खाली लोंबते. तिच्या तोंडात बोळा! कापूस आणि डांबर. होडीच्या फटीत भरतात तोच. वरून बोटाने गुळगुळीत केलेला. असं काम आमच्या घरात एकच माणूस करतो.

तेलाच्या डब्याला मी नेहमी दोन भोकं पाडते. एकच पाडलं तर तेल अडतं, हवा आत जायला दुसरं लागतंच. ही नळी म्हणजे ते दुसरं भोक! हवा कोंडली तर पेट्रोल उतरणार कसं?

हेअरपिनने बोळा उकरून टाकला. यांना बोलले नाही. बोलले तर म्हणतील, बाबांनी मुद्दाम केलं. आणि खरंच मुद्दाम केलं असेल तर? देवा!

३१ जुलै
हे वेळेवर पोचले! येताना जिलेबी आणली. मी माझी तशीच झाकून ठेवली.

१ ऑगस्ट
परत बंद!! हे लवकरच घरी आले. गेटवरूनच हाकललं. आत भिंतीकडे तोंड करून पडलेत.

मी तडक अंगणात. नळीत नवा बोळा, अजून मऊ. माझं डोकंच फिरलं. मामंजींच्या नाकासमोर धरला. "हे काय? पोराच्या पोटावर पाय दिलात ना!"

त्यांना काही कळेना. "उधानाचा पानी नळीन शिरंल ना गो. पेट्रोल नासंल त्याचा. मागचे पुनवेचे उधानाला मी बुजवला, काल बघतो तं बोळा नाय. परत भरला."

"मग यांना सांगायचं!"

"बोलतंय कुठं तो माझेशी?"

मला रडूच आलं. रोज संध्याकाळी गाडीपाशी घुटमळताना बघायचे मी त्यांना, वाटायचं रागाने बघतायत. मग तेलाचा डबा आणला. एका भोकावर बोट ठेवून वाटीत तेल ओतून दाखवलं. ठिबकलं, थांबलं. बोट काढलं तशी धार लागली. मामंजी त्या धारेकडे बघत राहिले. निम्मं तेल वाटीबाहेर सांडलं तरी मला भान नाही. शेवटी म्हणाले, "माझाच हात लागला गो त्याचे कामाला. तू सांग त्याला."

"मी नाही सांगणार. आता तुमचं तुम्ही बघा." आणि सांडलेलं तेल पुसायला बसले.

२ ऑगस्ट
कोणीच कोणाशी बोललं नाही. मीसुद्धा कोणाचा निरोप पोचवला नाही.

३ ऑगस्ट
सकाळी मामंजी धुवट सदरा घालून गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. "चल कंपनीन. साहेबाला सांगतो, नळी मीच बुजवली." यांनी खाली वाकून नळी बघितली. मग किक मारली.

दुपारी आले. साहेबाने ऐकून घेतलं नाही. काम गेलं ते गेलंच. पण अंगणात शिरताना हे ओरडले, "बाबा, पाय जपून उतरा — सायलेन्सर तापलाय!"